करामतीचा पाचवा नियम

४ मार्च

दादा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम ऑफिसातल्या मुलीकडून टाइप करून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच परत पाठवलं असतंस, तुला काय मी ओळखत नाही? आता फोडलंच आहेस तर वाच. रडगाणं नाही, कामाचं आहे.

आपला 'बिळातले' हा पत्त्यांचा खेळ पुन्हा छापायचा आहे. हो, तोच. तुझे नियम, माझी चित्रं, नऊ वर्षांपूर्वीचा. छापखान्याची मालकीण परवा माझ्याकडे आली. मी टेबलावर बेडकाचं जठर रंगवत बसले होते (अजून शाळांचे तक्तेच करते मी, बढती म्हणशील तर बेडकावरून गांडुळावर). ती म्हणाली, "अहो, लोक अजून पत्त्यांची पाकिटं मागतात. एकाने तर तीन उंदीर देऊन एक घुम्या घेतला म्हणे." मी म्हटलं, वेडे आहेत. ती म्हणाली, असतील, पण बरेच आहेत.

तिची अट एकच. नियमांच्या पानावर आपल्या दोघांच्या सह्या हव्यात, तीस एप्रिलच्या आत. नाहीतर जुनं पान जसंच्या तसं छापणार. म्हणजे त्या गळलेल्या ओळीच्या भोकासकट. तुला ते चालणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि मलाही चालणार नाही. म्हणून लिहितेय.

आता तुला हसू येईल अशी गोष्ट सांगते. मी हा खेळ कधी धड खेळलेच नव्हते! अठ्ठेचाळीस प्राणी काढले, प्रत्येकाच्या मिशा मोजून काढल्या, पण खेळ तुझा म्हणून सोडून दिला. या आठवड्यात पत्रक घेऊन बसले. मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. प्रत्येकाच्या बिळात आठ दाणे. हातात सात पत्ते. पाळी आली की एक प्राणी समोर उभा मांडायचा. प्राण्याची करामत वापरायची तर पत्ता आडवा करायचा. आडवा झाला की तो दमला, आपली पुढची पाळी येईपर्यंत पडून राहणार. उंदीर आडवा केला की समोरच्याचे दोन दाणे आपले. घुम्या घुबड आडवं केलं की हातातले आणखी दोन प्राणी फुकटात मांडायचे. समोरच्याचं बीळ रिकामं झालं की खेळ संपला.

मग मी हातात तीन घुम्या आणि चार उंदीर घेतले आणि त्या दंतवैद्य बाईंनी खेळांच्या प्रदर्शनात तुझ्याविरुद्ध जे केलं ते करून पाहिलं. घुम्या मांडला, लगेच आडवा केला, त्याने दुसरा घुम्या आणि एक उंदीर आणला. दुसऱ्याने तिसरा घुम्या आणि उंदीर. तिसऱ्याने दोन उंदीर. चार उंदीर, आठ दाणे. समोरच्याने पत्ता उचलायच्या आत खेळ खलास. बापरे! मला प्रदर्शनातल्या त्या दिवशी नुसता तुझा चेहरा दिसला होता, कारण आज कळलं.

सही करशील का, एवढंच कळव.

तुझी बारकी


१९ मार्च

दादा,

उत्तर नाही. बरं. मी मात्र गप्प बसणार नाही, कारण मला एका गोष्टीने पछाडलंय.

मालकीणबाईंनी मला एक खोका दिला. त्यात खेळणाऱ्यांची पत्रं आहेत. मला वाटलं, तक्रारी असतील. तशा आहेतही. पण मला प्रश्न पडला, पहिल्याच पाळीत खेळ संपतो तर माणसं नऊ वर्षं खेळतायत काय? म्हणून पत्ते काढून चौकशीला निघाले. रजा घेतली. हो, मी. बेडूक थांबू शकतो.

आधी गेले मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात. तिथल्या चार बायका चादरींच्या टेबलावर खेळतात, यंत्रं फिरत असतात तेव्हा. त्यांची पुढारीण धिप्पाड, हातांना साबणाचा वास. मी विचारलं, "घुम्या मांडल्या मांडल्या आडवा करता का?" ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी चपला घालून धुतलेल्या चादरीवर चढले आहे. "अहो बाई, आल्या आल्या कामाला लावायचं कुणाला? समोरचीने पाहुण्याला म्हणतात तसं 'बस' म्हटल्याशिवाय प्राणी हलत नाही आमच्यात." आणि समोरची 'बस' म्हणालीच नाही तर? "एक पाळी अडवता येतं. त्याहून जास्त अडवलं तर तो कोतेपणा." हा नियम कुठे लिहिलाय, विचारलं. चौघी एकदम म्हणाल्या, "पत्रकात!" पत्रक काढलं. नव्हता. मग एक म्हणाली, "म्हणजे आपणच केला की काय?"

दुसरे अग्निशमन दलातले. गाडी निघायची वाट बघत दिवस दिवस बसतात, त्यामुळे खेळ लांबला तर त्यांना हवंच आहे. त्यांच्यात पत्ता आडवा केला तरी बोट त्यावरच ठेवायचं. बोट उचलेपर्यंत करामत झाली असं धरत नाहीत, आणि तेवढ्यात समोरच्याने "पण!" म्हणून आपली करामत मध्ये घालायची. मी गेले तेव्हा दोघांचं हातघाईवर आलं होतं. ड्रायव्हरने घुम्या आडवा केला. समोरच्याने "पण!" करून मुंगूस आडवं केलं आणि घुम्या खाल्ला. आता घुम्या मेला, तर ते दोन प्राणी येणार की नाही? ड्रायव्हर म्हणतो येणार, मी आधी आडवा केला होता. दुसरा म्हणतो, मेलेला कुणाला आणतो? मला म्हणाले, "तुम्हीच सांगा, तुमचाच खेळ." मी म्हटलं, माझा नाही, माझ्या भावाचा. मग म्हणाले, त्यांना विचारून सांगा. तर विचारतेय. त्यांच्यासाठी तरी सांग, बिचारे दोन वर्षं भांडतायत.

तिसरं एक जोडपं, दोघंही निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांनी तर कमालच केली. म्हणाले, "नियमात खोट दिसली, म्हणून दुरुस्त केली." प्राण्याने आणलेला प्राणी आडवाच येतो. वाट चालून दमलेला. बस्स! साखळी तिथेच तुटते. काका हे सांगत होते आणि मावशी मागून, "ही माझी युक्ती आहे, ह्यांची नाही," असं तीनदा म्हणाल्या.

दादा, विचार कर. एक ओळ नव्हती, तर तीन घरांत तीन वेगळ्या ओळी उगवल्या. तुझी मूळची ओळ तर साधी: "ज्या पाळीत प्राणी मांडला त्या पाळीत त्याची करामत वापरता येत नाही. उदा. घुम्या आज आला तर उद्या उठेल." मला ती अजूनही सगळ्यांत आवडते. पण मला सांग, नव्या छपाईत तीच घालायची, की शिक्षकांची? मला खरंच ठरवता येत नाही.

आणि मुंगसाचं सांग.

बारकी


६ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं! तुझ्या नोकरीतल्या लिफ्ट तपासणीच्या कोऱ्या अर्जामागे लिहिलेलं, वर 'दोष आढळल्यास नमूद करावा' असं छापलेलं. नाव नाही, 'सप्रेम' नाही, काही नाही. पण अक्षर तुझंच, उभं, मोजून ओळीत. मी ते तीनदा वाचलं.

"बटण दाबून माणूस निघून गेला तरी लिफ्ट येते. करामत एकदा सुरू झाली की प्राणी मेला तरी ती पुरी होते. दोन प्राणी येतील."

मी त्याच संध्याकाळी अग्निशमन केंद्रात गेले आणि जाहीर केलं. ड्रायव्हर टेबलावर उभा राहिला. हरलेला म्हणाला, "लिफ्टचं ठीक, पण हे घुबड आहे." तरी मानलं त्याने. तुझ्या बोलण्याला अजून वजन आहे, एवढं लक्षात घे.

शिक्षकांच्या युक्तीबद्दल तू लिहिलंस, "चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली. पण पहिला घुम्या तरी आल्या आल्या उठतोच, ते मला पटत नाही." मी हे मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पत्ते मांडून दोनदा खेळून पाहिलं, मग म्हणाल्या, "तुमचे बंधू बरोबर आहेत," आणि काकांना म्हणाल्या, "ही मात्र तुमची चूक."

तुझ्या कार्डावर शेवटी एक प्रश्न आहे. तो मी अजून वाचलेला नाही असं समज. पुढच्या आठवड्यात खूप काम आहे. गांडूळ.

बारकी


१३ एप्रिल

दादा,

गांडूळ झालं. आता सबब उरली नाही.

तू विचारलंस: "हस्तलिखित हरवलं होतं. घुम्या आज आला तर उद्या उठेल, हे उदाहरण मी दौऱ्यावर निघायच्या दिवशी, छापखान्यात उभ्या उभ्या, समासात लिहिलं होतं. कुणाला बोललो नव्हतो. ते तुला शब्दन्‌शब्द कसं माहीत?"

किती सहज पकडलंस रे! मी पत्र लिहिताना समोर ठेवून उतरवलं ते. हो, समोर. हस्तलिखित हरवलेलं नाही. माझ्या रंगांच्या कपाटात आहे, खालच्या खणात, नऊ वर्षं.

पत्रक छापायच्या आदल्या आठवड्यात तू दौऱ्यावर होतास. पानाची मांडणी माझ्याकडे होती. पाचवा नियम लिहिला की बेडकाचा मागचा पाय कापावा लागत होता. तो पाय मी चार दिवस रंगवला होता, दादा. पाय लहान करायचा माझा जीव झाला नाही. मी तुझ्या ओळीवर, समासातल्या उदाहरणासकट, पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि ठरवलं, ही ओळ नंतर चित्राखाली बारीक अक्षरांत घालू. मग पान जुळणीला दिलं. तपासायची प्रत आली ती तुझ्याऐवजी मीच पाहिली, सही केली. बेडूक छान आला होता. ओळ मी विसरले.

विसरले, एवढंच. प्रदर्शनात त्या दंतवैद्य बाई पत्रक मोठ्याने वाचायला लागल्या तेव्हा मला आठवलं. चाळीस माणसं हसत होती. तू पांढराफटक पडलास आणि मग लाल. तू अक्षरजुळणीच्या काकांना हाक मारलीस, सगळ्यांसमोर म्हणालास, "डोळे गहाण ठेवून काम करता का? माझी ओळ खाल्लीत तुम्ही." ते नुसते "नाही हो, नाही, मी जे होतं तेच..." असं म्हणत राहिले. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तू आणि ते भांडत असताना मी छापखान्यात गेले, त्यांच्या खणातून हस्तलिखित काढलं आणि पिशवीत घातलं.

त्या रात्री मी तुला म्हटलं होतं, "जाऊ दे ना, एका ओळीने काय बिघडतं?" तू म्हणालास, तुला तुझ्या चित्रांपलीकडे कुणाचं काही पडलेलं नाही, आणि दोन दिवसांनी बदली घेऊन निघून गेलास. तुला वाटलं मी तुझ्या खेळाची किंमत केली नाही. मी स्वतःला समजावत होते. पण तू म्हणालास ते खरंच होतं, फक्त तुला वाटलं त्याहून जास्त.

या महिन्यात मी इतक्या घरांत हिंडले, नियमाचं भोक कुणी कसं बुजवलं ते विचारत. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, खोटं नाही बोलत. पण मनात हेही होतं की लोकांचं काही अडलं नाही असं दिसलं तर माझा गुन्हा जरा हलका होईल. लोकांचं नाही अडलं. जुळणीच्या काकांचं काय झालं ते मात्र मी कुणालाच विचारलं नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. आधी तू रागाव.

बारकी


२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार शब्दांचं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. "आधी काकांकडे जाऊन ये."

गेले. मालकीणबाईंनी पत्ता दिला आणि वर म्हणाल्या, "त्यांना आम्ही काढलं नव्हतं हो, तेच आले नाहीत परत." मी वाटभर मनात एक चित्र घेऊन चालले होते. काका मला बघतील, आणि त्यांना माहीत असेलच. आपण निर्दोष आहोत हे ज्याचं त्याला ठाऊक असतंच की. नऊ वर्षं मनात राग धरून बसले असतील, मला चार शब्द सुनावतील, मी ऐकून घेईन. मी तयारी करून गेले होते.

दवाखान्यासमोर एक अरुंद दुकान आहे, झेरॉक्सचं. आत एक यंत्र, एक स्टूल, भिंतीला टेकून कागदांचे गठ्ठे. काका पाठमोरे होते. न वळता म्हणाले, "किती प्रती?" मी म्हटलं, "काका, मी. बेडूकवाली." वळले. ओळखलं. आणि दादा, ते आधी काय म्हणाले माहीत आहे? "बाई, त्या ओळीचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या भावाला सांगा."

मी हस्तलिखित काढून यंत्राच्या झाकणावर ठेवलं. पट्टी मी घरीच अर्धी सोलली होती. त्यांनी उरलेली नखाने हळूच सोलली, तुझी ओळ वाचली, समासातलं उदाहरण वाचलं, पट्टी पुन्हा लावून पाहिली, पुन्हा काढली. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तेच, पायासकट. मध्येच एक माणूस ओळखपत्राच्या दोन प्रती मागायला आला. काकांनी त्या काढून दिल्या, टाचणी लावली, सुटे दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"म्हणजे तेव्हा मला दिसत होतं."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "नाही, थांबा. म्हणजे मी जे होतं ते सगळं जुळवलं होतं. काही सुटलं नव्हतं."

नव्हतं सुटलं, मी म्हटलं.

दादा, त्यांना माहीत नव्हतं. तू इतका ठासून म्हणालास की ओळ लिहिली होती, आणि मी गप्प राहिले, तेव्हा त्यांनी स्वतःलाच खोटं पाडलं. तीन डॉक्टरांकडे डोळे तपासले. तिघांनी सांगितलं, डोळे उत्तम. मग त्यांना वाटलं, डोळे उत्तम आणि ओळ दिसली नाही, म्हणजे बिघाड डोक्यात आहे. तीस वर्षांची जुळणी सोडली. झेरॉक्स का धरलं, तर म्हणाले, "यात वाचावं लागत नाही. समोर येईल ते यंत्र उतरवतं, आपली जबाबदारी नाही." घरी औषधाच्या बाटलीवरचं नाव मुलीकडून दोनदा वाचून घेतात. लोक आपलं नियमांचं पत्रक त्यांच्याकडेच प्रती काढायला आणतात, महिन्यात तीन-चार वेळा. ते पान ते पालथंच घेतात आणि पालथंच परत देतात.

मी रडले. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "माफीचं नंतर बघू. खरं सांगू का, मला आत्ता तुमच्याशी बोलावंसं वाटत नाहीये." मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणाले, "तुमच्या भावाशी बोलेन. ते मोठ्याने बोलले, पण त्यांना तरी ठाऊक नव्हतं."

मी पिशवीतून नव्या छपाईचं पान काढलं, आपल्या सह्यांसाठी मोकळी जागा सोडलेलं, आणि तिथेच ठेवलं. म्हटलं, हे कुणी जुळवायचं ते ठरलेलं नाही. त्यांनी ते उचललं नाही, पण वाचलं. उभ्या उभ्या, चष्मा न लावता, बोट ओळीखालून फिरवत. सातव्या नियमात एक शब्द दोनदा पडला होता, तो दाखवला. मालकीणबाईंनी, मी आणि गणिताच्या मावशींनी तो वाचून पास केला होता.

निघताना मी हस्तलिखित उचलायला गेले. छापखान्यात मूळ कागद दाखवावा लागेल, तीस तारीख जवळ आली आहे. काकांनी त्यावर हात ठेवला.

"हे आज माझ्याकडे राहू दे."

मी म्हटलं, काका, मालकीणबाई थांबणार नाहीत.

"थांबतील. नाही थांबल्या तर नाही. घरी दाखवायचंय मला."

चारच वाजले होते, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना उद्या या म्हणून सांगितलं, शटर ओढलं, आणि कागद छातीशी धरून घराच्या दिशेने निघाले. जवळजवळ पळतच.

बारकी